यादी फळ्यावरून पूस, माणसं आण

प्रिय मॅडम (आता मॅडमच म्हणायला हवं ना तुला),

तुझा मेसेज वाचला. पहिल्या महायुद्धाची कारणं म्हणून लष्करवाद, गुप्त करार, साम्राज्यवाद, आक्रमक राष्ट्रवाद, सगळं फळ्यावर लिहून झालं आणि मागच्या बाकावरचा पोरगा म्हणाला, ‘मॅडम, हे सगळं तर आधीपासून होतं, मग महायुद्ध १९१४ लाच का?’ तू गप्प बसलीस आणि आता तुला वाटतंय की आपल्यालाच विषय येत नाही. अगं, त्या पोराला विषय येतोय! त्याला पहिल्या बाकावर आणून बसव.

त्याचं म्हणणं बरोबरच आहे. १९०८ मध्ये ऑस्ट्रियाने बोस्निया गिळला, १९११ मध्ये मोरोक्कोवरून जर्मनी-फ्रान्स हमरीतुमरीवर आले, १९१२-१३ मध्ये बाल्कनमध्ये एकापाठोपाठ दोन युद्धं झाली, करार तेच, तोफा त्याच, राष्ट्रवाद तर ओसंडून वाहत होता, तरी महायुद्ध झालं नाही. म्हणजे यादी खोटी नाही, पण ती एकटी काहीच सांगत नाही. यादीच्या प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न लिही, कोणी ठरवलं आणि कधी? मी सगळी नोकरी याच एका प्रश्नावर काढली, आणि त्याची किंमतही मोजलीय, ते पुढे सांगतो.

सारायेव्होत, म्हणजे ऑस्ट्रियाच्या युवराजाच्या, फ्रान्झ फर्डिनांडच्या खुनावर, दोन तास घालवू नकोस. पोरांना मजा येते, ड्रायव्हर चुकीच्या रस्त्याला वळला, गाडी थांबली, समोर १९ वर्षांचा मारेकरी प्रिन्सिप उभा, हे सगळं खरं आहे, सांग, पण पाच मिनिटांत सांग. तो सँडविच खायला थांबला होता वगैरे तर अजिबात नको, थाप आहे ती. सांगायचं असेल तर हे सांग, की सर्बियाशी युद्ध नको असं ऑस्ट्रियाच्या राजधानीत, व्हिएन्नात, म्हणणारा वजनदार माणूस हा फ्रान्झ फर्डिनांडच होता, आणि सेनाप्रमुख कॉनराड कित्येक वर्षं त्याच युद्धासाठी मागे लागला होता. मग फळ्यावर दोन तारखा लिही. खून २८ जूनला, ऑस्ट्रियाने युद्ध पुकारलं २८ जुलैला. खुनाच्या रागाने युद्ध झालं म्हणता ना, मग महिनाभर काय करत होते?

हा महिनाच शिकवायचा गं, बाकी सगळं त्याच्या मागेपुढे. ५ जुलैला जर्मनीच्या सम्राटाने, कायझरने, ऑस्ट्रियाला सांगितलं, काय वाटेल ते करा, आम्ही पाठीशी आहोत. कोणी ठरवलं? कायझरने, आणि चॅन्सेलर बेथमान-होलवेगने त्यावर मान डोलावली. ७ जुलैला व्हिएन्नाच्या बैठकीत हंगेरीचे पंतप्रधान तिसा एकटे विरोधात होते, आठवड्याभरात तेही वळले. फ्रान्सचे अध्यक्ष प्वांकारे रशियाच्या दौऱ्यावर होते, ते बोटीत बसून निघेपर्यंत थांबायचं आणि मगच सर्बियाच्या हातात निर्वाणीचा खलिता ठेवायचा, हेसुद्धा कोणीतरी बसून ठरवलंच होतं. २३ जुलै, संध्याकाळी सहा, मुदत ४८ तास. २५ ला सर्बियाचे पंतप्रधान पाशिच स्वतः उत्तर घेऊन गेले, जवळजवळ सगळं मान्य, फक्त ऑस्ट्रियाचे अधिकारी आमच्या हद्दीत येऊन तपास करणार याला नकार. ऑस्ट्रियाचा राजदूत गीझलने कागदावर नजर फिरवली आणि साडेसहाच्या गाडीने बेलग्रेड सोडलं. सामान आधीच बांधलेलं होतं! हे पोरांना सांगितलं की वर्गात एकदम शांतता होते, मग कोणीतरी विचारतंच, मग उत्तर मागितलं कशाला?

दारूगोळ्याचं कोठार आणि ठिणगी ही उपमा मात्र वर्गात वापरलीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही. कोठाराला विचार करता येत नाही, या लोकांना येत होता. २८ जुलैला सकाळी कायझरने सर्बियाचं उत्तर वाचलं आणि त्यावर स्वतःच्या हाताने लिहिलं की आता युद्धाचं काही कारणच उरलं नाही, आणि त्याच दिवशी ऑस्ट्रियाने तारेने युद्ध पुकारलं. २९ च्या रात्री रशियाच्या राजधानीत, पीटर्सबर्गच्या तार ऑफिसात, जनरल दोब्रोरोल्स्की सगळं सैन्य युद्धासाठी गोळा करण्याचा हुकूम घेऊन पोचलेला, तारा पाठवणारे तयार बसलेले, आणि फोन आला, थांबा, झारने हुकूम मागे घेतलाय. मागे घेतला! म्हणजे घेता येत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी परराष्ट्रमंत्री साझोनोवने झारचं मन पुन्हा वळवलं, आणि हुकूम गेला. सगळा दोष जर्मनीचा म्हणणाऱ्या पोराला इथे थांबव. (माझं मत विचारशील तर बर्लिन आणि व्हिएन्नाचा वाटा सगळ्यात मोठा, पण पीटर्सबर्गचे हात स्वच्छ नाहीत. युद्धानंतरच्या व्हर्साय तहाच्या कलम २३१ ने जबाबदारी जर्मनी आणि तिच्या दोस्तांवर टाकली म्हणून वाद मिटला असं झालं नाही, इतिहासकार अजून भांडतायत.)

वर्गात काय करायचं ते सांगतो. पोरांना खुर्च्या वाटून दे, एक झार, एक कायझर, एक पाशिच, एक ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री एडवर्ड ग्रे, आणि प्रत्येकाला त्या तारखेपर्यंत जेवढं माहीत होतं तेवढंच सांग, पुढचं नाही. मग विचार, तू काय करशील? कोणी म्हणेल, करार होता ना, मग जावंच लागणार. तेव्हा इटली काढ. इटलीचाही जर्मनी-ऑस्ट्रियाशी करार होता, १९१४ मध्ये तटस्थ राहिली आणि १९१५ मध्ये चक्क उलट्या बाजूने लढायला उतरली. करार कागदावर असतो, पाळायचा की नाही ते माणूस ठरवतो.

आता तुझ्या पोर्शनचं. सुपरवायझर म्हणतात ना दोन तासांत संपवा? मलाही म्हणायचे. माझा जुलै १९१४ इतका लांबायचा की हिटलर दरवर्षी घाईघाईत उरकावा लागायचा, पालक तक्रार करायचे, सर गाइडमधली उत्तरं देत नाहीत म्हणून, आणि एका सहकाऱ्याशी तर या पोर्शनवरूनच बोलणं तुटलं ते तुटलंच, तो गेला तेव्हाही आम्ही बोलत नव्हतो. याचं वाईट वाटतं, खूप वाटतं. पण शिकवणं बदललं असतं का? नाही. माझ्या पोरांना मार्क कमी पडले असंही नाही, कारण तारीख आणि माणूस डोक्यात बसला की पाच मार्कांची मुद्देसूद कारणं आपोआप लिहिता येतात, उलटं कधी होत नाही. हे मी त्या शाळेत दहादा सांगितलं, कोणी ऐकलं नाही, जाऊ दे.

आणि ‘आपला काय संबंध’ असं कोणी म्हणालं तर कुत सांग, इराकमधलं. मराठा पलटणी तिथे वेढ्यात अडकल्या, एप्रिल १९१६ मध्ये शरण जावं लागलं. ४ ऑगस्ट १९१४ ला ब्रिटन युद्धात उतरलं तसा हिंदुस्थानही उतरला, इथल्या एकाही माणसाला न विचारता. कोणी ठरवलं हा प्रश्न सातारा-कोल्हापूरच्या पोरांना इथे जास्त टोचतो, बघ विचारून.

खुर्च्यांचा तास मधल्या सुट्टीनंतर ठेवू नकोस, पोरं पेंगतात. ग्रेच्या खुर्चीवर त्या मागच्या बाकावाल्याला बसव, बेल्जियमच्या तटस्थतेची हमी देणारा, ब्रिटननेही सही केलेला १८३९ चा करार त्याच्या हातात दे आणि काय म्हणतो ते मला कळव.

तुझे,
सर