पाटी संशोधन केंद्राची, पण आत काय?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे विद्यापीठातील संशोधनाशी संबंधित असल्याने ती एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राच्या उत्तराला जागा अधिक लागली, त्याबद्दल उरलेल्या दोन वाचकांनी राग मानू नये.

प्रश्न : माझी मुलगी सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला पुढे संशोधन करायचे आहे. विद्यापीठाच्या माहितीपत्रकात प्रशाळा, विभाग, मान्यताप्राप्त संशोधन केंद्र, मध्यवर्ती उपकरण सुविधा असे शब्द येतात. मी केळी उत्पादक असल्याने मला यातला फरक कळत नाही. नातेवाईक म्हणतात की जळगावात काय ठेवले आहे, तिला पुण्यालाच पाठवा. काय करावे?
— एक पालक, रावेर तालुका

उत्तर : आधी शब्दांचा गुंता सोडवू. आपल्या जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांची महाविद्यालये 1990 पर्यंत पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. त्या वर्षी 15 ऑगस्टला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले आणि 2018 मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. गिरणेकाठच्या टेकडीवर असलेल्या मुख्य परिसरात विद्यापीठ स्वतः जे विषय शिकवते व ज्यांत संशोधन चालवते, त्यांच्या समूहांना प्रशाळा म्हणतात. जीवशास्त्र प्रशाळा, रसायनशास्त्र प्रशाळा, भौतिकशास्त्र प्रशाळा ही त्यांची उदाहरणे. प्रशाळेच्या पोटात विभाग असतात आणि तुमच्या मुलीचा सूक्ष्मजीवशास्त्र हा विषय जीवशास्त्र प्रशाळेत येतो.

मान्यताप्राप्त संशोधन केंद्र हा मात्र निराळा प्रकार आहे. ती बहुधा वेगळी इमारत किंवा स्वतंत्र संस्था नसते. एखाद्या संलग्न महाविद्यालयाच्या एखाद्या विभागात पुरेसे पात्र अध्यापक, ग्रंथालय आणि प्रयोगशाळा आहे, असे पाहणी समितीला आढळले की तेथे पीएच.डी.चे विद्यार्थी घेण्याची मान्यता विद्यापीठ देते, आणि त्या मान्यतेलाच आपण केंद्र म्हणतो. त्यामुळे एकाच महाविद्यालयात रसायनशास्त्राचे केंद्र असू शकते आणि शेजारच्या वनस्पतिशास्त्राचे नसू शकते. दारावरची पाटी मान्यता सांगते, आत काम किती चालते हे सांगत नाही. एका महाविद्यालयात मी एक महागडे उपकरण पाहिले होते. त्यावर प्लास्टिकचे आवरण होते, आवरणावर दसऱ्याच्या पूजेचे हळदकुंकू आणि वाळलेला झेंडूचा हार होता. वापराची नोंदवही मागितली, तेव्हा तिच्यातील शेवटची नोंद दोन दसऱ्यांपूर्वीची निघाली.

उरली मध्यवर्ती उपकरण सुविधा. ही कल्पना नीट समजली तर तुमच्या नातेवाइकांच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मिळते. रेणूची रचना ओळखण्यासाठी वापरले जाणारे एनएमआर हे यंत्र घ्या. त्याची किंमत कोटींत असते. त्यातील अतिवाहक चुंबक द्रवरूप हेलियममध्ये, म्हणजे उणे 269 अंश सेल्सिअसच्या आसपास, अहोरात्र बुडवून ठेवावा लागतो आणि त्याभोवती उणे 196 अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनचे कवच असते. हेलियम उडत राहतो, तो वेळोवेळी भरावा लागतो आणि आपल्या देशाला तो जवळजवळ सगळा आयात करावा लागतो. दिवसात एक नमुना तपासला काय आणि वीस तपासले काय, हा खर्च टळत नाही. म्हणून असे यंत्र प्रत्येक विभागाने घेण्याऐवजी एका ठिकाणी ठेवून सर्वांनी पाळीपाळीने व शुल्क भरून वापरावे, हीच शहाणपणाची रीत ठरते. गावात ऊस पिळण्याचा एक चरक असे आणि ज्याची त्याची पाळी लागे, तसेच हे.

ही पाळी विद्यापीठाच्या कुंपणापाशी संपत नाही. मुंबईच्या आयआयटीतील अत्याधुनिक उपकरण सुविधा बाहेरच्या संशोधकांचे नमुने ठरावीक शुल्क घेऊन तपासून देते. तुम्हाला रावेरहून बऱ्हाणपूर, खंडवा करत गाठता येणाऱ्या इंदूरला विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांचे संयुक्त केंद्र आहे. अणुऊर्जा विभागाकडील मोठी उपकरणे विद्यापीठांतील विद्यार्थ्यांच्या हाती यावीत, याच हेतूने ते काढलेले आहे. पुणे विद्यापीठाच्या आवारात खगोलशास्त्राची आयुका आणि पेशीविज्ञानाची राष्ट्रीय संस्था आहे हे खरे, परंतु त्या स्वतंत्र संस्था आहेत. पुण्याच्या पदव्युत्तर वर्गात प्रवेश मिळाला म्हणजे त्यांची दारे आपोआप उघडली, असे होत नाही. मोठ्या विद्यापीठाचा खरा फायदा वेगळा आहे. तेथे आजूबाजूला संशोधन करणारी माणसे अधिक असतात, व्याख्याने अधिक होतात आणि अडल्यावर विचारायला कोणीतरी सापडते. हा फायदा मी कमी लेखणार नाही. पण त्यासाठी घरभाडे, खानावळ आणि पहिल्या वर्षाचे एकटेपण यांचा हिशेबही मांडावा लागतो.

मुलीला घेऊन एकदा प्रत्यक्ष प्रयोगशाळेत जा, असे मी सुचवीन. सुटीच्या दिवशी नको, कामाच्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास जा, कारण सकाळी तास असतात आणि चारला खरे काम चाललेले दिसते. उपकरणांच्या नोंदवह्या पाहू द्या म्हणावे. यंत्र चालवणारा तंत्रज्ञ कायम आहे की दर वर्षी बदलतो, देखभालीचा करार चालू आहे का आणि वीज गेल्यावर उणे 80 अंशांच्या शीतपेटीचे काय होते, हे विचारावे. सूक्ष्मजीवशास्त्रात हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा एका रात्रीच्या भारनियमनात तीन वर्षे जपलेले जिवाणूंचे वाण हातचे जाऊ शकतात. एखाद्या विभागाने या प्रश्नाचे उत्तर लगेच आणि नेमके दिले, तर तेथे काम चालते असे खुशाल समजावे.

त्यानंतर पाहायचे ते मार्गदर्शक. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार पीएच.डी. विद्यार्थी घेता येतात. किती घेतले यापेक्षा किती जण पूर्ण करून बाहेर पडले आणि त्यांना किती वर्षे लागली, हे त्याच प्रयोगशाळेतील विद्यार्थ्यांना विचारावे, सरांना नव्हे. नियमाप्रमाणे किमान तीन आणि कमाल सहा वर्षांची मुदत असून मुलींना त्यावर दोन वर्षांची सवलत मिळू शकते. सवलत आहे म्हणून ती वापरावी लागणे हे काही चांगले लक्षण नाही.

पैशांचा विषय पत्रात आलेला नाही, पण मनात असणारच. एम.एस्सी. करता करता तिने सीएसआयआर-नेट, म्हणजे विज्ञान विषयांतील संशोधन छात्रवृत्तीसाठी देशभर होणाऱ्या पात्रता परीक्षेची तयारी करावी. त्यात कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळाली, तर 2023 पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 रुपये आणि पुढे 42,000 रुपये मिळतात. घरभाडे भत्ता त्याहून वेगळा असतो. छात्रवृत्ती घेऊन येणाऱ्या विद्यार्थिनीला मार्गदर्शक निवडण्याची मोकळीक बरीच जास्त असते. म्हणून माझे मत असे की एम.एस्सी. जळगावात करावी, तेथे ही परीक्षा द्यावी आणि पीएच.डी. कोठे करायची ते निकाल हाती आल्यावर ठरवावे. नातेवाइकांना तोवर थांबायला सांगावे.

प्रश्न : आमच्या केळीच्या नव्या लागवडीत पानांवर पिवळे पट्टे पडत आहेत. सगळे हरण्या रोग म्हणतात. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पाने नेली तर तपासून मिळतील का?
— एक शेतकरी, यावल तालुका

उत्तर : जळगावचे विद्यापीठ पारंपरिक विद्यापीठ आहे, कृषी विद्यापीठ नव्हे. तेथील प्रयोगशाळा शिक्षण व संशोधनासाठी असल्याने शेतकऱ्याचा नमुना घेऊन लगेच निदान देणे हे तिचे नेमून दिलेले काम नव्हे. तुमचे काम राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या जळगाव येथील केळी संशोधन केंद्राकडे आहे. पाल आणि ममुराबाद येथील कृषी विज्ञान केंद्रेही तुम्हाला जवळची आहेत.

हरण्या म्हणजे कुकुंबर मोझॅक विषाणू असेल, तर केवळ डोळ्यांनी खात्री होत नाही, कारण अन्नद्रव्यांच्या कमतरतेनेही पाने पिवळी पडतात. जाताना एकच वाळलेले पान नेऊ नका. लक्षणे दिसणाऱ्या झाडाचे कोवळे पान आणि शेजारच्या निरोगी झाडाचे पान अशी दोन्ही वेगवेगळ्या कागदात गुंडाळून, लागवडीची तारीख व रोपे कोठून आणली ते लिहून त्याच दिवशी पोहोचवा. तोपर्यंत संशयित झाडे मुळासकट उपटून शेताबाहेर नेऊन नष्ट करा. बांधावर फेकू नका. विषाणू लागलेले झाड औषधाने बरे होत नाही आणि मावा ही रस शोषणारी कीड तो विषाणू पुढच्या झाडावर नेते. काकडी, भोपळा यांसारखी वेलवर्गीय पिके केळीत आंतरपीक म्हणून घेतली असतील तर तीही काढावीत, कारण हा विषाणू त्यांच्यावरही जगतो.

प्रश्न : संशोधन केंद्र म्हटले की नळ्या आणि यंत्रेच का डोळ्यांसमोर येतात? मराठी व इतिहास विषयांच्या विद्यार्थ्यांनी कोठे जावे?
— एक निवृत्त शिक्षिका, धुळे

उत्तर : बाई, तुम्ही धुळ्यातून हा प्रश्न विचारता, याची गंमत वाटली. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे 1926 च्या अखेरीस वारले आणि पुढच्याच वर्षी तुमच्या शहरात त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले. जुने कागद आणि हस्तलिखिते जेथे वाचली जातात, ती इतिहासाच्या विद्यार्थ्याची प्रयोगशाळाच होय. अमळनेरला श्रीमंत प्रताप शेठ यांच्या पुढाकाराने 1916 मध्ये तत्त्वज्ञान मंदिर ही तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाची संस्था सुरू झाली, म्हणजे आपल्या विद्यापीठाच्या जन्माआधी 74 वर्षे. मराठीच्या विद्यार्थ्याला तर अहिराणी आणि लेवा गणबोली घरातच ऐकू येतात. ध्वनिमुद्रक खिशात ठेवून आजीच्या जात्यावरच्या ओव्या टिपणे हेही क्षेत्रकार्य आहे. मात्र गाव, तारीख आणि गाणाऱ्या बाईंची संमती यांची नोंद त्याच दिवशी करावी.