पाहणी मंगळवारी झाली

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. नगररचना विभागात रचना सहायक म्हणून रुजू झालीस आणि पहिलंच काम शहराच्या विकास आराखड्याच्या पाहणीचं मिळालं, हे वाचून फार बरं वाटलं. तुला मात्र ते कंटाळवाणं वाटतंय. ‘नियोजन अजून सुरूच झालं नाही, नुसतं गल्लोगल्ली फिरून नकाशात रंग भरतोय,’ असं लिहिलंयस, म्हणून लगेच उत्तर लिहायला बसले.

महाराष्ट्राच्या १९६६ च्या नगररचना अधिनियमाच्या कलम २५ खाली होणारा विद्यमान जमीन वापराचा नकाशा, त्यालाच मी नियोजन म्हणते. रस्ते, आरक्षणं म्हणजे सार्वजनिक कामांसाठी राखलेल्या जागा, झोन, सगळं त्याच्यावर उभं राहतं. मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या आराखड्याचा मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या चुकांवर इतका गदारोळ झाला की एप्रिलमध्ये सरकारने तो रद्दच केला, आणि नव्या आराखड्याला मंजुरी मिळायला २०१८ उजाडलं. पण तिथे चुका शोधणारे, हरकती लिहिणारे हजारो लोक होते. तुझ्या शहरात ते नसतील.

माझ्या हातून झालेली एक चूक तुला सांगते. नोकरीची सुरुवातीची वर्षं होती, एक लहान शहर. जुन्या नाक्याजवळच्या मैदानावर आम्ही मंगळवारी पोचलो. दोन म्हशी आणि एक बंद पडलेला ट्रक, बाकी काही नाही. ‘रिकामी जागा’ असं मी माझ्या हाताने लिहिलं. पुढे तिथे वाहनतळाचं आरक्षण पडलं. राजपत्रात आलं, वर्तमानपत्रात आलं, हरकतींचे दिवस उलटून गेले. त्या मैदानावर दर बुधवारी आठवडी बाजार भरत होता. कुंपणाचे खांब यायला लागले तेव्हा मी पुन्हा गेले. मेथीच्या जुड्या घेऊन बसलेल्या एका आजींनी भांडण केलं नाही, आवाजही चढवला नाही. त्यांनी मला पायाखालची जमीन दाखवली. पाल ताणायच्या खुंट्यांची भोकं होती, ओळीने, दोन-दोन हातांवर, वर्षानुवर्षं तिथेच ठोकून गुळगुळीत झालेली. ती मंगळवारीही तिथेच होती. मी त्यांच्यावरून चालत गेले होते.

म्हणून एकाच जागी तीनदा जा. सकाळी सहाला जा, म्हणजे मजूर अड्डा दिसेल. अड्ड्यावरच्या बायका लघवीला कुठे जातात ते विचार, कारण त्या आपणहून सांगणार नाहीत. बाजाराच्या दिवशी जा आणि रात्री नऊनंतर जा. रात्री कुठल्या रस्त्यावर एकही बाई दिसत नाही, तेही वहीत लिही. त्याला नकाशात रंग नसतो, तरी लिही.

पथविक्रेत्यांना तुझे वरिष्ठ ‘अतिक्रमण’ म्हणतील. २०१४ चा पथविक्रेता कायदा तसं म्हणत नाही. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत आणि त्यांत एक तृतीयांश महिला. विक्रीच्या जागा आराखड्यातच धराव्यात, हीच त्या कायद्याची दिशा आहे. तुझ्या शहरात ती समिती कागदावर आहे की खरोखर बसते, एवढं आधी शोध.

फूटपाथबद्दल विचारलंयस. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शिकेत चालायला मोकळी किमान १.८ मीटर रुंदी आणि जास्तीत जास्त १५० मिलिमीटर उंची सांगितली आहे. टेप घेऊन मोज. रुंदी बहुतेक वेळा सापडते, पण ती विजेचा डीपी बॉक्स, झाड आणि जाहिरातीचा खांब यांच्यात वाटलेली असते. उंचीचं दुखणं वेगळं आहे. प्रत्येक सोसायटीच्या गेटपाशी फूटपाथ खाली उतरतो आणि पलीकडे पुन्हा चढतो. गुडघे दुखणारा माणूस दोन गेटं ओलांडतो आणि तिसऱ्यापासून गाड्यांमधून चालायला लागतो. गेटपाशी फूटपाथ एका पातळीत ठेवायचा आणि चढ-उतार गाडीला द्यायचा. खर्च फारसा वाढत नाही, पण हे टेंडरच्या ड्रॉइंगमध्येच यावं लागतं, नंतर कोणी ऐकत नाही. पुण्याला गेलीस तर जंगली महाराज रस्त्यावर तासभर बस. रुंद फूटपाथ आणि बसायला जागा दिली की म्हातारी माणसं, लहान मुलं आपोआप बाहेर येतात, ते दिसेल. त्याच दिवशी पुणे महापालिकेत २०१७ मध्ये आलेल्या ११ आणि २०२१ मध्ये आलेल्या २३ गावांपैकी एखाद्या गावात, शाळा सुटायच्या वेळी उभी राहा. मुलं कुठून चालतात ते बघ. शहराचा पैसा कुणापर्यंत पोचतो, हे मला अशा दोन जागा एकाच दिवशी पाहिल्यावरच नीट कळलं.

आरक्षणांच्या बाबतीत हात आखडता ठेव, हे तुला विचित्र वाटेल. पण आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जागा ताब्यात आली नाही, तर मालक त्याच अधिनियमाच्या कलम १२७ खाली नोटीस देतो आणि त्यानंतर दोन वर्षांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. मोठी हिरवी मैदानं अशीच नकाशावर जन्मतात आणि नकाशावरच मरतात. पालिकेला परवडेल असं वस्तीजवळचं पाच गुंठ्यांचं मैदान माग, आणि ते मिळेपर्यंत पाठ सोडू नकोस. वस्तीतल्या मुलीला आई तेवढंच लांब पाठवते.

आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकतींना तीस दिवस मिळतात. त्या तीस दिवसांत नकाशा कार्यालयाच्या भिंतीवरच लटकू देऊ नकोस. शाळेत ने, मंदिराच्या ओट्यावर ने, आणि ‘सार्वजनिक-निमसार्वजनिक’ म्हणजे काय ते त्यांच्या भाषेत सांग. वरिष्ठांची परवानगी लेखी घे.

तुझ्या शहराचा बाजार कुठल्या वारी भरतो, ते पुढच्या पत्रात कळव.

तुझी,
मावशी