स्वप्नांची वही सुरू करताना

स्वप्नांचा अभ्यास सुरू करताना अर्थ लावण्याची घाई करू नका. आधी नोंद ठेवायला शिका. जाग आल्यावर लगेच हालचाल न करता, डोळे मिटूनच शेवटचे दृश्य धरून ठेवा आणि तिथून मागे मागे जात जे हाती लागेल ते उशाशी ठेवलेल्या वहीत उतरवा, कारण कूस बदलून मोबाइल हातात घेतला की बहुतेक स्वप्न निसटून जाते. माझ्या एका नोंदीत केवळ ‘ओला जिना, आईचा आवाज’ एवढेच आहे. तेवढ्यावरून ते सारे स्वप्न मला आजही आठवते.

डोळ्यांच्या जलद हालचालींची जी झोप, जिच्यात ठळक स्वप्ने जास्त पडतात, अझेरिन्स्की आणि क्लाइटमन या संशोधकांनी १९५३ मध्ये जगापुढे मांडली, ती साधारण ९० मिनिटांच्या चक्राने परतते आणि पहाटेकडे लांबत जाते, म्हणून स्वप्नांसाठी झोपमोड करण्यापेक्षा ती पूर्ण घेणे कधीही चांगले. या झोपेत शरीराचे बहुतेक स्नायू शिथिल असतात. क्वचित ही शिथिलता जाग आल्यावरही रेंगाळते, छातीवर कोणी बसल्यासारखे वाटते आणि माणूस फार घाबरतो. अशा वेळी झगडू नका, श्वासाकडे लक्ष द्या, ती आपोआप ओसरते. हे वारंवार होऊ लागले किंवा दिवसाही झोप आवरेनाशी झाली, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.