नाशिक-पुणे थेट गाडी मागायची असेल तर आधी रेक शोधा

तुमचा प्रश्न असा: नाशिक-पुण्यासारख्या दोन-अडीचशे किलोमीटरवरच्या शहरांमध्ये नव्या प्रवासी गाड्यांचे मार्ग कसे ठरतात, आणि खासदारांना निवेदन द्यायचं तर त्यात काय लिहावं? मी नाशिकरोडचा. अशी तीन निवेदनं मी स्वतः लिहिली आहेत. पहिली दोन वाचून कुणीही हसलं असतं, म्हणून मी कुठे चुकलो तेवढंच सांगतो.

पहिल्या निवेदनासोबत मी नकाशा जोडला होता. नाशिक ते पुणे लाल स्केचपेनने रेघ मारली होती, सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, चाकणवरून. रेघ मारायला दहा सेकंद लागतात. त्याच पट्ट्यातून महारेलने, म्हणजे राज्य सरकार आणि रेल्वे यांच्या भागीदारीतल्या कंपनीने, सुमारे २३५ किलोमीटरचा मार्ग आखला होता, तो खोडदच्या महाकाय दुर्बिणीपाशी अडला. जीएमआरटी हे त्या रेडिओ दुर्बिणीचं नाव, तिच्या ३० अँटेना, एकेक ४५ मीटर व्यासाची. अवकाशातून येणारे अतिशय क्षीण रेडिओ संकेत टिपणं हे त्यांचं काम, आणि वरच्या तारेला घासत जाणारी विजेची रेल्वे म्हणजे रेडिओ गोंगाट. त्यामुळे तो मार्ग बाजूला पडला आणि शिर्डीकडून वळसा घेण्याची भाषा सुरू झाली. म्हणजे नवीन मार्ग होईल तेव्हा होईल. तोवर आहेत त्या रुळांवरून काय जाऊ शकतं ते बघा.

आता गंमत अशी की नाशिक आणि पुणे दोन्ही सह्याद्रीच्या एकाच बाजूला, घाटावर. तरी जवळच्या रेल्वेमार्गाने जायचं तर गाडी थळ घाट उतरून कल्याणला येते आणि बोर घाट चढून पुन्हा वर जाते. कारण हे मार्ग मुंबई बंदरासाठी बांधलेले. बोर घाट १८६३ साली खुला झाला, थळ घाट १८६५ साली. दोन्ही फांद्या मुंबईच्या खोडाला, एकमेकींना नाहीत. नाशिक-कल्याण-पुणे साधारण २७० किलोमीटर पडतं. दुसरी वाट मनमाड-दौंडवरून, तिला घाट नाही, पण अंतर ३८० च्या वर जातं. रस्त्याने हेच २१० आहे. हे तीन आकडे निवेदनात सगळ्यात वर लिहा, नकाशा नंतर.

कल्याणमार्गे यायचं तर कल्याणला इंजिन या टोकाचं त्या टोकाला लावावं लागतं. ते टाळायला दिवा-पनवेल-कर्जतवरून फिरून यायचं. भुसावळ-पुणे गाडी तशी यायची, आमच्याकडे तिला हुतात्मा म्हणायचे. मी तिने कित्येकदा गेलोय. कर्जतला गाडी थांबली की मागे बँकर इंजिनं लागायची, डब्याला हलकासा हिसका बसायचा आणि शेजारचा माणूस वड्याचा कागद सावरत म्हणायचा, "लागलं." चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलात की एक मीटर वर. मागून रेटा असल्याशिवाय नेहमीची गाडी तो चढत नाही. पुढे ती गाडी अमरावतीपर्यंत वाढवली आणि मनमाड-दौंडवरून वळवली, नाशिकरोड सुटलं. अमरावतीकरांचं भलं झालं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण गाडी वाढवणं म्हणजे कुणाची तरी खिडकी जाणं, हे लक्षात ठेवा. २०१७ मध्ये मुंबई-लातूर एक्सप्रेस आठवड्यातून तीन दिवस बिदरपर्यंत नेली तेव्हा लातुरात आंदोलनं झाली, ती याच कारणाने.

दुसरं निवेदन मी 'पहाटे सुटणारी इंटरसिटी हवी' असं लिहिलं. ते वाचून आमच्या कॉलनीतल्या एका काकांनी मला घरी बोलावलं. सेक्शन कंट्रोलर, म्हणजे कुठली गाडी कधी सोडायची आणि कुठे थांबवायची ते ठरवणारा, म्हणून निवृत्त झालेला माणूस. त्यांनी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं, आडवी वेळ घेतली, उभी स्टेशनं घेतली, कल्याणपासून इगतपुरीपर्यंत, आणि आठवतील तशा गाड्या तिरप्या रेघांनी काढत गेले. मेल-एक्सप्रेस उभट रेघा, मालगाडी आळशी, लोळत गेलेली. कल्याण ते कसारा या पट्ट्यात लोकलच्या रेघा गवतासारख्या दाट. मग लाल पेन माझ्या हातात देऊन म्हणाले, "काढ आता तुझी गाडी."

नाशिकरोडहून पहाटे पाचला सुटवली तर कल्याणला साडेसात-आठ. चाकरमान्यांची ऐन वेळ. माझी रेघ पाच-सहा लोकल कापत गेली. कल्याण ते कसारा दोनच मार्ग, तिसऱ्याचं काम सुरू आहे. कसाऱ्याच्या वर थळ घाटात तीन मार्ग आहेत, कल्याण ते दिवा पाचवी-सहावी मार्गिका आहे, पण अडतं ते या मधल्या पट्ट्यातच. शेवटी रेघ बसली ती सकाळी साडेदहाला सुटणाऱ्या गाडीची. "ही इंटरसिटी नाही झाली," मी म्हणालो. काका म्हणाले, "नाही झाली, पण ही धावेल."

या मोकळ्या जागेला रेल्वेत पाथ म्हणतात. पाथ मिळाला की प्रश्न येतो रेकचा, म्हणजे डब्यांच्या सबंध रांगेचा. इथे साधा हिशोब करा. पनवेलमार्गे सहा तास धरले तर साडेदहाची गाडी साडेचारला पुण्यात. तिथून तासा-दोन तासांत परत फिरवली तर मध्यरात्री नाशिकरोडला. रात्री कोण उतरणार, हा वेगळा प्रश्न, पण एका रेकमध्ये फेरी बसते. मनमाड-दौंडमार्गे नऊ तास लागले तर येऊन-जाऊन अठरा, त्यात धुणं, पाणी भरणं, पिट लाइनवरची, म्हणजे खाली खड्डा असलेल्या रुळांवरची, तपासणी. लगेच दुसरा रेक लागतो. आणि नवा रेक मागितला की तुमचा कागद फायलीत जातो आणि तिथेच राहतो.

म्हणून मी आता नवी गाडी मागतच नाही. वेळापत्रक घेऊन बसतो आणि पुण्याला, मनमाडला, दौंडला येऊन पाच-सहा तास नुसती उभी राहणारी गाडी शोधतो. 'अमुक गाडीचा रेक इतके ते इतके रिकामा असतो, त्यावर ही फेरी बसते' असं एक वाक्य लिहिलं की विभागीय कार्यालयातला माणूस मान वर करतो. पुणे स्टेशनात फलाटाला जागा नाही हे उत्तर ठरलेलं असतं. त्यावर गाडी हडपसरला संपवा असं आधीच लिहून टाका. लोकांना आवडत नाही, पण नाही मिळण्यापेक्षा हडपसर परवडलं.

कधी कधी नवी गाडी लागतच नाही, थोडेसे रूळ लागतात. मनमाड-नगरकडून पुण्याला येणाऱ्या गाड्यांचं इंजिन दौंडला फिरवावं लागायचं, त्यात सहज अर्धा तास जायचा. कॉर्ड लाइन, म्हणजे स्टेशनाला बगल देऊन दोन मार्ग थेट जोडणारा तुकडा, टाकली आणि ती भानगड संपली. अर्थात कॉर्ड लाइनचं स्टेशन मूळ स्टेशनापासून लांब, त्यामुळे दौंडकर रात्री बॅगा घेऊन रिक्षा शोधतात, पण पुढे जाणाऱ्यांचा वेळ वाचला. निवेदनात अशी एखादी गाठ दाखवता आली तर जरूर दाखवा.

कागद कुठे जातो तेही बघून ठेवा. नाशिक भुसावळ विभागात, कल्याण मुंबई विभागात, पुणे वेगळा विभाग, सगळे मध्य रेल्वेचे. संभाजीनगर, जालना, नांदेड दक्षिण मध्य रेल्वेत, तिकडची गाडी असेल तर दोन झोनचं जमावं लागतं. प्रत्येक विभागात प्रवाशांची सल्लागार समिती असते. खासदारांच्या पत्राबरोबर तिथल्या सदस्यालाही प्रत द्या, कारण बैठकीच्या इतिवृत्तात विषय आला की त्याचं लेखी उत्तर मागता येतं.

प्रवासी संख्या मात्र अंदाजाने लिहू नका. मी तिसऱ्या वेळी शुक्रवारी आणि रविवारी संध्याकाळी बसस्थानकावर चार-चार तास बसून पुण्याच्या गाड्या मोजल्या, किती भरून गेल्या आणि किती जण फलाटावर उरले ते वहीत लिहिलं. रविवारी गर्दीत निम्मी पोरं कॉलेजची होती. पुण्याच्या टोकाला असं कुणी मोजलेलं नाही. तुम्ही तिकडचे असाल तर नाशिकच्या बस सुटतात त्या बसस्थानकावर एक शुक्रवार बसा आणि आकडे इथेच खाली टाका, चौथं निवेदन मी लिहायला घेतलंच आहे.