"दोन दिवस गोळी सोडली तर चालेल ना मॅडम?"

डिसेंबर लागला की म्हापशाच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न येतोच येतो. डिप्रेशनची गोळी चालू असते, मित्रांचं वागातोरला पार्टीला जायचं ठरलेलं असतं आणि तिथे एक्स्टसी, म्हणजे पार्टीतली नशेची गोळी, मिळणार हे सगळ्यांना माहीत असतं. बेकायदेशीर आहेच, पण नुसतं "घेऊ नको" म्हटलं की पोरगं परत फिरकत नाही.

तीन-चार जणांचं मिळून लिहितेय, पेडण्याचा मुलगा म्हणूया, हॉटेलात कामाला. पाकिटातून एसिटालोप्रामची, म्हणजे त्याच्या डिप्रेशनच्या गोळीची, स्ट्रिप काढली, मोजल्या तर दोन गोळ्या जास्त.

"गेल्या वेळी पण अशीच सोडलेली. पण एक्स्टसी चढलीच नाही, म्हणून अजून अर्धी मारली."

"मग?"

"पाय आपोआप उडायला लागले, शर्ट निथळत होता. मित्र म्हणाले, नाच की मग."

एक्स्टसी मेंदूतलं सेरोटोनिन, म्हणजे मूडशी जोडलेलं रसायन, भसाभसा बाहेर काढते आणि ज्या दारातून काढते तेच दार आपली डिप्रेशनची गोळी अडवून बसलेली असते, म्हणून चढत नाही, म्हणून पोरं डोस वाढवतात, आणि हृदयावर ताण यायचा तो येतोच. कधी सेरोटोनिनचाच अतिरेक होतो, थरथर, स्नायूंचे झटके, घाम, जुलाब, ताप. पार्टीत सगळेच घामाघूम, ओळखणार कोण? अंग तापलं, बरळायला लागला तर थेट 108, आणि काय घेतलं ते खरं सांगायचं. दोन दिवसांत एसिटालोप्राम अंगातून जात नाही, फ्लुओक्सेटिन ही दुसरी गोळी तर आठवडेच्या आठवडे राहते, वर अचानक सोडल्याची चक्कर-चिडचिड वेगळीच. डिप्रेशनचीच बुप्रोपिऑन चालू असेल तर असल्या नशेने फिट येऊ शकते, आणि डिप्रेशनच्या एमएओआय गटातल्या जुन्या गोळ्यांवर एक्स्टसी घेऊन माणसं मेलीयत.

पण एवढं मोबाईलवर पण मिळतं. मी विचारलं, "त्या रात्री तुला हवं काय होतं?"

बराच वेळ गप्प. स्ट्रिपची चांदी नखाने सोलत बसला.

"गोळीने रडू थांबलं मॅडम, पण हसू पण गेलं. आजी वारली तर डोळ्यांत टिपूस नाही. एक रात्र तरी काहीतरी वाटावं..."

नशेच्या मागे काहीतरी मागणं असतं असं मी सुरुवातीपासून मानत आलेय, आणि खरं सांगते, त्या दिवशी मला माझी खुर्ची आवडली. कारण असं सपाट वाटणं या गोळ्यांनी होतं, डॉक्टर डोस कमी करू शकतात, गोळी बदलू शकतात, फक्त त्यांना कळायला हवं. याने सांगितलंच नव्हतं, केबिनमध्ये आई शेजारी बसायची ना.

"आईला चहाला पाठव," मी म्हटलं.

पुढच्या आठवड्यात बांबोळीच्या हॉस्पिटलातून त्याचा फोन. "सांगितलं मॅडम, एक्स्टसीचं पण. ओरडले नाहीत, डोस कमी केला. आई अजून कँटीनलाच आहे."