मेझनाईन फ्लोअर म्हणजे नक्की काय आणि हा शब्द आला कुठून?

मेझनाईन म्हणजे दोन मजल्यांच्या मधे घुसवलेला बुटका मजला, आपला पोटमाळाच समजा. शब्द मूळचा इटालियन, ‘मेझ्झानो’ म्हणजे मधला आणि त्याचं लहान रूप ‘मेझ्झानिनो’, ते फ्रेंचमधून इंग्रजीत गेलं आणि तिथून आपल्या बिल्डरांकडे. इटलीतल्या जुन्या वाड्यांमधे, म्हणजे पालाझ्झोंमधे, तळमजला आणि मालकाचा उंच छताचा मजला यांच्या मधे असा ठेंगणा मजला असायचा, बाहेरून बघितलं तर मोठ्या खिडक्यांच्या ओळीखाली बारक्या चौकोनी खिडक्यांची ओळ दिसते ना, तोच तो, तिथे सामान नाहीतर नोकरमाणसं. गंमत म्हणजे ‘मेझ्झानो’च्या मागचा लॅटिन ‘मेडियस’ आणि संस्कृत ‘मध्य’ एकाच मुळाचे, आणि ‘मध्य’पासूनच आपलं माजघर, म्हणजे लांबचं का होईना नातं आहेच!

फक्त बाथरूमवरच्या सामानाच्या लॉफ्टला मेझनाईन म्हणू नका. नॅशनल बिल्डिंग कोडप्रमाणे मेझनाईनला किमान २.२ मीटर उंची लागते आणि एकूण क्षेत्रफळ प्लिंथ एरियाच्या, म्हणजे इमारतीने जोत्यावर व्यापलेल्या जागेच्या, एक तृतीयांशापेक्षा जास्त चालत नाही. दुकानात काढायचा असेल तर आधी तुमच्या महापालिकेचे नियम बघा, ते वेगळे असू शकतात.