उपवासाने मेंदूतील पेशींची सफाई होऊन पार्किन्सन थांबतो काय?

पार्किन्सन असलेल्या आपल्या आईंनी आठवड्यातून दोनदा निर्जळी उपवास केला, तर मेंदूतील पेशी स्वतःची सफाई करून आजार रोखतील काय, असे आपण विचारले आहे. नागपुरात ३२ वर्षे मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवले आणि वडिलांचा पार्किन्सन घरात पाहिला. त्या आधारे सांगतो, हा उपवास करवू नका.

ही सफाई, म्हणजे ऑटोफॅजी, खरी आहे. बिघडलेली प्रथिने आणि जुन्या तंतुकणिका (ऊर्जा तयार करणारे पेशीतील भाग, मायटोकॉन्ड्रिया) पेशी एका पिशवीत बंद करते, ती पिशवी लयकारिकेला (पेशीतील पचनाची जागा, लायसोसोम) मिळते आणि तेथील विकरे (एन्झाइम) आतल्या मालाचे विघटन करतात. योशिनोरी ओसुमी यांना यीस्टमधील याच संशोधनासाठी २०१६ चे नोबेल मिळाले. चेतापेशीला (मेंदूतील संदेश वाहणाऱ्या पेशीला) तर या सफाईची विशेष गरज असते, कारण इतर पेशी विभागल्या की साठलेला कचरा वाटला जातो, चेतापेशी मात्र सहसा विभागतच नाही. २००६ मध्ये जपानी संशोधकांनी उंदरांच्या चेतापेशींतील ऑटोफॅजीसाठी लागणारे एटीजी५ किंवा एटीजी७ हे जनुक काढून टाकले, तेव्हा एवढ्यानेच त्या पेशींत प्रथिनांचे गोळे साचले आणि उंदरांच्या हालचाली बिघडल्या.

पण आजारात अडते कुठे, हे पाहिले पाहिजे. पार्किन्सनच्या काही आनुवंशिक प्रकारांत निकामी तंतुकणिकांवर सफाईसाठी खूण करणारी पिंक१ आणि पार्किन ही प्रथिने सदोष असतात. जीबीए१ जनुकातील दोषाने लयकारिकेतील एक विकरच दुबळे होते. अल्झायमरच्या रुग्णांच्या चेतापेशींत तर भरलेल्या, पण न पचलेल्या पिशव्यांची दाटी आढळते. गल्ली झाडून ढीग लावले आणि भांडेवाडीच्या कचरा डेपोला नेणारी गाडीच आली नाही, तर झाडणारे वाढवून काय होणार? उपवास चालना देतो ती झाडण्याला, आणि मेंदूबाबत तेही प्रामुख्याने उंदरांत दिसले आहे.

धोका मात्र प्रत्यक्ष आहे. पार्किन्सनमध्ये उभे राहताना रक्तदाब घसरणे आणि बद्धकोष्ठता हे त्रास सर्रास असतात, आणि पाणी कमी पडले की दोन्ही वाढतात. ज्येष्ठातील निर्जला एकादशीला, नागपूरच्या त्या उन्हाळ्यात, वडिलांनी पाण्याचा थेंबही घेतला नाही. दुपारी उठताना भोवळ येऊन ते मोरीजवळ पडले. आईंना लेव्होडोपा हे पार्किन्सनवरील औषध सुरू असेल, तर गोळी ठरलेल्या वेळी पाण्यासोबत द्या, आणि डाळ, दूध, पनीर यांतील प्रथिने तिच्या शोषणात अडथळा आणू शकतात, म्हणून जेवण आणि गोळी यांतील अंतर मेंदूविकारतज्ज्ञांकडून ठरवून घ्या.